म्हशीचा हात बदलताना

आमच्या बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याच्या घरात कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, हे कुणालाच ठाऊक नसायचं. चमचा शोधायला माळ्यावर चढावं लागे. पण गोठ्यात आईचं सगळं जागच्या जागी. दाराशी दुभती म्हैस, तिच्या पलीकडे गाभण, मग वाढती वगार, तिच्यानंतर निमाडी गाय आणि शेवटी भिंतीकडे वडिलांची बैलजोडी. वगार म्हणजे अजून न व्यायलेली तरणी म्हैस. तिच्यावर आईचा सगळ्यात जास्त जीव. मी चांगले मार्क आणले तर आई मान डोलवायची आणि वगारीने पोटभर पाणी प्यायलं तर मला हाका मारून सांगायची. मला राग यायचा, आजही आठवलं की थोडा येतो.

आईचा हिशेब सोपा होता. "एक दूध देऊन राह्यली, एक पोटाशी हाये, एक मोठी होऊन राह्यली. अजून काय पायजे?" दुभती आटत आली की गाभण व्यायला यायची, आणि ती आटेपर्यंत वगार तयार. म्हशी विकत आणायची वेळ आमच्याकडे क्वचितच आली. घरात दूध कधी उतू गेलं नाही आणि कधी संपलंही नाही. पाहुणे विचारत, म्हैस किती देते? आईला हा प्रश्न मुळीच आवडायचा नाही. व्याल्यावर तर कुठलीही देते, उन्हाळ्यात काय देते ते विचारा, असं म्हणून ती चहा ठेवायला आत जायची.

म्हशीचं दूध शहरात मावा करणाऱ्याकडे जायचं. बुऱ्हाणपूरला माव्याची जिलेबी खाणाऱ्यांना तो मावा कोणाच्या गोठ्यातून आला याच्याशी काही देणंघेणं नसतं, पण आम्ही भावंडं दुकानासमोरून जाताना उगीच छाती पुढे काढून चालायचो. गाईचं दूध थोडं, ते घरासाठी. वडिलांना गाईच्या दुधाचा चहा पाणचट लागे. मग ते आईची नजर चुकवून म्हशीच्या चरवीतलं पळीभर दूध घ्यायचे, आणि आईच्या ते लगेच लक्षात यायचं. दोघांचं भांडण व्हायचं ते या पळीवरून, बाकी कशावरून झालेलं मला आठवत नाही.

दुपारी म्हशी तापीत डुंबायला जायच्या. मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्या पाठीवर बसून जायचो, आणि म्हैस खोल पाण्यात शिरली की शेपटी धरून तरंगायचो. घरी आलो की अंगाला म्हशीचा वास. आई ओरडायची, पण ओरडताना स्वतःच्याच हाताला तोच वास आहे हे ती विसरायची. त्या वासासाठी आजही माझा जीव तुटतो. लग्न होऊन मी कागद कारखान्याच्या कॉलनीत आले. सासरची माणसं महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली, बोलणं स्वच्छ, राहणं त्याहून स्वच्छ. दूध पिशवीतून येई. पहिल्या सकाळी मी सासूबाईंना विचारलं, "हे कोणत्या म्हशीचं?" त्या किती तरी दिवस पाहुण्यांना हा किस्सा सांगायच्या.

वडील गेल्यावर गोठा भावाच्या हातात आला. आधी बैल गेले, कारण नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली. मग गाय गेली, मग म्हशी एकेक करून. त्यांच्या जागी काळ्या-पांढऱ्या संकरित गाई आल्या, पंखा आला, दूध काढायचं मशीन आलं, दारात डेअरीच्या गाडीसाठी ॲल्युमिनियमचे कॅन उभे राहिले. भावाचं म्हणणं असं, की भाकड जनावरही दुभत्याइतकंच खातं. ताजी व्यालेली आणायची, दूध घ्यायचं, आटत आली की काढायची आणि दुसरी आणायची. गोठ्यात सगळ्या दुभत्या. एक काळी-पांढरी आमच्या दोन म्हशींइतकं दूध द्यायची, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दुधावर त्याची मुलं शिकली. मी माहेरी जाऊन नाक मुरडायची आणि परत येताना त्याच्याच गाईच्या तुपाचा डबा घेऊन यायची.

आईने भांडण केलं नाही. दाराजवळची एक म्हैस मात्र तिने सोडली नाही. ती आमच्याच गोठ्यात जन्मलेली, शेवटच्या वगारीची लेक. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ती व्याली आणि तिचं पारडू थोड्याच दिवसांत गेलं. पारडू नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. लोक नाना उपाय करतात. आईने तसलं काही केलं नाही. ती तिच्या गळ्याखाली खाजवत बसायची आणि घशातून एक आवाज काढायची, अर्धा लाडाचा, अर्धा दटावणीचा, "ह्यूँ ह्यूँ, दे मा, दे." मग कासेला कोमट पाणी लावायची. थोड्या वेळाने कास मऊ पडायची आणि धार सुरू व्हायची. त्या दिवसांपासून म्हैस फक्त आईलाच दूध देऊ लागली. वहिनीने हात लावला तर पाय झाडायची.

अशी एका हाताची म्हैस विकायची झाली तर आमच्याकडे एक रीत होती. दावं द्यायचं नाही, ही रीत सगळीकडेच असते. पण आमच्याकडे त्याआधी हात बदलत. घेणाऱ्या घरातली बाई येऊन आमच्याकडे राहायची. पहिल्या दिवशी धार आई काढायची, ती नुसती शेजारी बसून आईच्या पदराला हात पुसायची. मग आई सुरुवात करायची आणि ती शेवट करायची. मग तिने सुरुवात करायची आणि आईने नुसतं बोलायचं. म्हशीला नवा हात ओळखीचा झाला की जनावर निघायचं. लहानपणी अशा कितीतरी बायका आमच्याकडे राहून गेल्या. माझ्यासाठी ते घरात पाहुणी येण्याचे, रात्री गोड होण्याचे दिवस होते. त्यात म्हशीचं काही दुःख असतं, असं मला वाटलंच नाही.

त्या पावसाळ्यानंतरच्या थंडीत आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूर-धूळ टाळायची, असं बजावलं. दापोऱ्याच्या घरात धूळ नाही अशी जागा नाही, म्हणून मी तिला माझ्या क्वार्टरवर आणलं. काळा चष्मा लावून ती बाल्कनीत बसायची आणि समोरच्या रस्त्यावरच्या मोकाट गाईंना नावं ठेवायची. "हिची कास पाय कशी, कोनी धार काढत नसंल." दर संध्याकाळी भावाला फोन करून एकच प्रश्न, देते का? भाऊ म्हणायचा, देते.

देत नव्हती. वहिनीने मला वेगळा फोन करून सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. माझ्या भावाने, एवढ्या मोठ्या मिशांच्या माणसाने, आईचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धार काढायचा प्रयत्न केला होता. म्हशीने एकदा वळून बघितलं, नीट बघितलं, आणि बादली लाथेने गव्हाणीखाली पाठवली. मी पण इतकी हसले की आई आतून विचारू लागली, काय झालं.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. फोपनार गावचा एक शेतकरी दिवाळीपासून त्या म्हशीवर डोळा ठेवून होता. त्याने आईला धार काढताना पाहिलं होतं, फेसाने भरलेली चरवी पाहिली होती. भाऊ कंटाळला होता, म्हशीची कास ताठत चालली होती, आणि आई यायला अवकाश होता. त्याने म्हैस देऊन टाकली. दावं मात्र रीतीप्रमाणे ठेवून घेतलं. हात बदलायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, त्याने ते सोडून दिलं. मशीनवर दूध काढणाऱ्याला वाटतं, कासेचे सड तर सगळ्यांचे सारखेच.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. "ताई, मायला सांगू नको. फोपनारवाल्याकडं म्हैस दूधच नाही देऊन राह्यली. तो म्हणतो, सुई लावतो, नाही तर बाजारात नेतो." मी स्वयंपाकघरात होते, हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर लावला होता. मागे वळले तर आई दारात उभी.

तिने येऊन फोन बंद केला. मला म्हणाली, "साडी काढ माझी. जाऊ."

मी वाद घातला. डॉक्टरांचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं. शेवटी म्हटलं, अगं, त्यापेक्षा भावाला सांगू, म्हैस परत आण. त्यावर ती पलंगावर बसली आणि आपले हात माझ्यापुढे केले. अंगठ्यांचे सांधे गाठीसारखे सुजलेले. आयुष्यभर अंगठा दुमडून धार काढायची सवय, त्याने झालेले. "आणून काय करू? वाकता येत नाही मले. हात बी ऱ्हायले नाहीत. माझ्याकडं आली तरी आटनार. आटली की बाजार. मंग ती कोनाकडं जाईन, काय होईन, हे तुले बी माहीत हाये." सुईबद्दल, म्हणजे पान्ह्याच्या इंजेक्शनबद्दल, तिचं मत मला पाठ होतं. एकदा सुईने पान्हा सोडायला लावला, की ते जनावर पुढे सुईशिवाय सोडत नाही, असं ती म्हणायची. म्हशीला दुसऱ्या हाताची सवय लावणं, आणि तीही आटायच्या आत, एवढा एकच रस्ता उरला होता.

आम्ही बसने बुऱ्हाणपूरला आणि तिथून रिक्षाने फोपनारला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळी, कापलेल्या घडांचे ढीग, ट्रक.  घर सापडायला वेळ लागला नाही. गोठा मागे होता. आईच्या चपलांचा आवाज ऐकताच म्हशीने मान वर केली आणि मोठ्याने रेकली. कास दगडासारखी ताठ.

म्हैस घेणारे घरचे म्हातारे चांगले होते, पण वैतागलेले. त्यांची सून धार काढायची. ती खंडव्याकडची, नवी नवी, म्हशीला भ्यायलेली. आई वाकू शकत नव्हती, म्हणून प्लास्टिकची खुर्ची म्हशीच्या तोंडाजवळ ठेवली. आई गळ्याखाली खाजवत बोलायला लागली. सुनेला म्हणाली, "बस खाली. आधी हात माझ्या पदराला पूस."

"मुझे मारेगी तो?"

"मारंल. बस."

बिचारी बसली. म्हैस आईचा आवाज ऐकत होती आणि मागचा हात कोणाचा हे तिला कळत होतं. पाय दोनदा उचलला. आई दटावत राहिली, गोंजारत राहिली. शेवटी अगदी थोडं दूध आलं, चहापुरतं. म्हातारे म्हणाले, इतकं तर आम्हालाही निघत होतं. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाली, आपण ऱ्हातो इथं.

राहिलो. मला त्या घरात संकोच वाटत होता, पण आईला नाही. तिने त्यांच्या गव्हाणीत हात घालून बघितला आणि केळीचे खांब कमी करा, कडब्याची कुट्टी वाढवा, सरकी भिजवून द्या, असा हुकूम सोडला. खांबाने पोट भरतं पण दूध पातळ होतं, हे ती माझ्या लहानपणापासून सांगत आलेली. म्हाताऱ्यांनी ऐकलं, कारण दुसऱ्या दिवशी कास बरीच मऊ पडली होती आणि बादलीचा तळ झाकला होता.

मग आईने आपली खुर्ची हलवायला सुरुवात केली. आधी ती म्हशीच्या तोंडाशी होती. मग खांबापाशी, मग गोठ्याच्या दारात. तिथून ती फक्त "ह्यूँ ह्यूँ" करायची. मग तिने सुनेला तो आवाज काढायला लावला. त्या मुलीला तो जमेना. तिने आपलंच काहीतरी सुरू केलं, "चल मेरी रानी, दे दे, अच्छी बच्ची है ना," असं एका सुरात, न थांबता. आईच्या कपाळाला आठ्या. "हे काय? तिले काय समजते हिंदी?" मी हसले. पण म्हशीचा कान त्या मुलीकडे वळला होता. आईने ते पाहिलं. ती खुर्ची उचलून भिंतीमागे घेऊन गेली.

त्या रात्री जेवताना ती नीट जेवली नाही. मी विचारलं, डोळा दुखतोय का? म्हणाली, नाही. मग हात धुताना म्हणाली, "मी नसल्यावर बी देईन ना वं ती?" मी म्हटलं, त्यासाठीच तर आलोय. तिला ते पटलं, पण आवडलं नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटच्या दिवशी आई गोठ्यात गेलीच नाही. रस्त्यावर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली, जिथून तिचा वासही म्हशीला यायचा नाही. मी शेजारी. आम्ही दोघी कान देऊन बसलो होतो. आधी बराच वेळ काहीच नाही, नुसती त्या मुलीची बडबड. मग रिकाम्या बादलीत पहिली धार पडल्याचा तो खणखणीत आवाज, मग दुसरी, मग बादली भरायला लागली की होतो तसा जाड, फेसाळ आवाज. आईने ओठ घट्ट मिटले होते आणि मांडीवर तिची बोटं मुठीत वळत होती, सुटत होती, धारेच्या तालावर. मला तिचा हात धरावासा वाटला, पण मी धरला नाही.

सून बादली घेऊन धावत बाहेर आली. "अम्मा, देखो! पूरी!" म्हातारे एवढे खूश झाले की त्यांनी त्या दुधाचा चहा केला आणि त्यात साखर जवळजवळ मूठभर टाकली. म्हैस बाजारात जाणार नव्हती, सुई लागणार नव्हती. आईने चहा पूर्ण प्यायला. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तिला कासेला तेल कसं लावायचं ते सांगितलं, आणि म्हणाली, "आता तूच बोल तिच्याशी. तुह्या भाषेत बोल."

निघताना ती एकदा गोठ्यात गेली. मी दारात थांबले. म्हैस कुट्टी खात होती. आईने नेहमीचा आवाज काढला, "ह्यूँ ह्यूँ." म्हशीने मान वर केली नाही. आईने पुन्हा काढला, जरा मोठ्याने. तेवढ्यात सून पाण्याची बादली घेऊन आली, आणि म्हैस तिच्या पावलांकडे वळून बघू लागली. आईचा हात पुढे झालेला तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला आणि लुगड्याला पुसला.

क्वार्टरवर यायला ती तयार नव्हती, म्हणून आम्ही दापोऱ्याला गेलो. भाऊ ओट्यावरच होता. त्याला तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती, पण राहिला.

"माय, दिलं का दूध?"

"दिलं. बादलीभर दिलं."

"मंग झालं तर. तू काहून अशी?"

"मी हाक मारली," आई म्हणाली, "तर वळली बी नाही माझ्याकडं."

आणि माझी आई, जी वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती, ओट्यावर बसून लहान मुलीसारखी रडली. भाऊ खाली तिच्या पायाशी बसला.  ती फोपनारला जे करायला गेली होती, ते पूर्ण करून आली होती.